नासपतीवरचे डाग

४ जानेवारी

आक्का,

"तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड, दोघंही मान सारखीच टाकतात." हे तू मला सांगितलंस तेव्हा मी तुझ्या कमरेला लागत होते. तुझ्या हातात झारी होती आणि समोर एक मलूल रोप. मी म्हटलं, घाल ना गं पाणी, बिचारं. तू झारी खाली ठेवलीस, कुंडी उलटी करून मातीचा गड्डा तळहातावर घेतलास आणि मला मुळं दाखवलीस. काळी, मऊ. बोटाने ओढलं तर मुळाची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसती दोऱ्याएवढी शीर राहिली. "याला पाणी घातलं असतंस तर तुला पुण्य लागलं असतं आणि ते मेलं असतं," तू म्हणालीस.

आज सकाळी नव्या मुलींना शिकवताना मी तेच वाक्य वापरलं. तुझं नाव घेतलं नाही. "माझी एक शिक्षिका म्हणायची," असं सांगितलं. त्यात खोटं काही नाही.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. उतारावरची अक्रोडाची लागवड तोडायचा हुकूम निघाला आहे. फेब्रुवारी संपायच्या आत सगळी झाडं जातील, मुळांसकट, आणि ती जमीन काही वर्षं मोकळी ठेवतील. तुझ्या रोपवाटिकेतून गेलेली शेवटची झाडं होती ती. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं असं वाटलं. मागच्या वेळीही मला असंच वाटलं होतं, आणि त्याचं काय झालं ते आपण दोघी जाणतो.

दाजी म्हणतात, माझी पत्रं तू फोडत नाहीस आणि फेकतही नाहीस. फ्रिजवर जुन्या बिलांखाली सरकवून ठेवतेस. मी विचारलं, "मग मी लिहायचं तरी कशाला?" तर म्हणाले, "तू लिही. फ्रिज वाचतो."

म्हणून फ्रिजसाठी थोडं इकडचं. झाडांच्या रोगांच्या केंद्रातलं काम तेच आहे. लोक मेलेली पानं, सालीचे तुकडे, किडे असं काय काय पाठवतात आणि विचारतात, याला काय झालंय? निम्मे लोक प्लास्टिकच्या पिशवीत पाठवतात. वाटेत पिशवीला घाम फुटतो आणि आमच्याकडे पोचतो तो काढा. गेल्या आठवड्यात एकाने काड्यापेटीत अळी पाठवली होती, वर चिठ्ठी, "हाच तो गुन्हेगार." पेटी उघडली तर आत पतंग बसलेला, पंख मिटून, अगदी साळसूद. वाटेत त्याने वेश बदलला होता. खोलीतल्या सगळ्या हसल्या. मी हसले, आणि मग मला तुझे भुंगेरे आठवले.

त्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन. आज एवढंच पुरे.

चिमटी

११ जानेवारी

आक्का,

लिहीन म्हटलं होतं, तर लिहिते.

उतारावरची झाडं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली, मग बुंध्याशी बारीक भुसा दिसायला लागला, आणि सालीवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं. भुंगेरे सापडले. जो जागेवर सापडतो त्याला सगळे धरतात. वनअधिकाऱ्यांनी फवारणी करवली. तू मला फोनवर सांगितलंस, "कीड आहे गं, बाहेरून आलेली. माझी रोपं धडधाकट होती." तुझा आवाज किती हलका झाला होता, अजून आठवतो मला.

मी जाऊन बघितलं तेव्हाच मला शंका आली होती, ती तुला फोनवर सांगितली नाही. ते भुंगेरे धडधाकट झाडाला तोंड लावत नाहीत. आजारी झाडाचा वास येतो त्यांना. ते मयताला आलेले असतात, मारायला नाही. मी बुंध्याची साल चाकूने खरवडली, तर पांढऱ्या लाकडावर मुळांकडून वर चढत गेलेली तांबूस तपकिरी जीभ दिसली. असं दिसलं की तुकडा घ्यायचा तो मेलेल्या भागातून नाही. तिथे आता नुसती खरकटी चाटणारी जमलेली असतात. घ्यायचा तो काठावरून, जिथे मेलेलं आणि जिवंत एकमेकांना लागून असतं. रोग तिथे असतो, कारण तो नेहमी एक पाऊल पुढे गेलेला असतो.

मग मी तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, "माती हवी? घे. सगळ्या वाफ्यांमधली घे. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही." तू स्वतः खुरपं घेऊन मला माती काढून दिलीस.

मला केंद्रात परतेपर्यंत धीर नव्हता. न्हाणीघरात तुझं पसरट तपेलं घेतलं, त्यात माती, त्यावर पाणी, आणि पाण्यावर एक हिरवी कडक नासपती सोडली. तू दारात येऊन उभी राहिलीस.

"हे काय? फळाला अंघोळ?"

"आमिष आहे. मातीत ती बुरशी असेल तर पोहत येऊन फळाला लागते."

"बुरशी पोहते?"

"ही पोहते."

"आणि नसेल तर?"

"तर नासपती खायची."

"या पाण्यातली?"

"धुऊन गं."

"तूच खा. संशोधन आहे तुझं."

रोज सकाळी न्हाणीघरात जाताना तू विचारायचीस, "काय नासपतीबाई, पाणी गार तर नाही ना?" दाजी बाहेरून ओरडायचे, "बाईंचं आटपलं असेल तर आम्ही दाढी करू का?" त्या दोन-चार दिवसांत आपण तिघं जितके हसलो तितके नंतर कधीच हसलो नाही.

डाग तुलाच आधी दिसले. तू स्वयंपाकघरात आलीस, शेगडी बंद केलीस आणि म्हणालीस, "तुझ्या बाईंना डाग पडलेत." मी जाऊन पाहिलं. पाण्याखालच्या अंगाला तपकिरी, टणक डाग, कुणी ओल्या अंगठ्याने दाबल्यासारखे. सोलून भिंगाखाली धरायची गरजही नव्हती. तरी मी धरली, कारण तुझ्याकडे बघायचं टाळायचं होतं.

"माझंच तपेलं," तू म्हणालीस. "माझंच फळ. माझीच माती. आणि माझीच बहीण."

मग तू मागितलंस ते मी कधी विसरले नाही. "एक हंगाम थांब. मी सगळं उपटते, जाळते, माती भाजून काढते. कुणाला कळायला नको."

"या वर्षीची रोपं गाडीत चढायला उभी आहेत, आक्का."

"गाडी मी थांबवते."

"आणि मागच्या वर्षी गेलेल्या गाड्या?"

त्या गाड्या कुठे कुठे गेल्या ते शोधायचं तर रिपोर्ट द्यावा लागणार होता, आणि रिपोर्ट दिला की रोपवाटिका बंद होणार होती. दोन्ही आपल्याला ठाऊक होतं. मी रिपोर्ट दिला. त्या गाड्या गेल्या त्यांपैकी दोन रानं वेळेत वाचली. उतार वाचला नाही.

मी चुकले असं मला वाटत नाही. हे आधीच्या कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं, गोड गोड लिहीत राहिले. आज लिहिते. तूही चुकलीस असं म्हणवत नाही. त्या उन्हाळ्यात तुझी रोपं मान टाकत होती आणि तू पाणी घालत होतीस. मला शिकवणारी तू, तुला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मला वाटतं, परक्याची कुंडी आपण उलटी करून बघतो. आपल्या झाडाला मात्र पाणी घालतो.

त्या दिवशी दुपारी मी सामान बांधलं, गेटाजवळच्या नळावर हातपाय धुतले आणि निघाले.

चिमटी

१९ जानेवारी

आक्का,

हे पत्र फोड, पाकिटावरही तेच लिहिलंय. बाकीची राहू देत.

काल उतारावर गेले होते. तोडीआधी शेवटचे नमुने घ्यायचे होते. तिथे आता कुंपण आहे आणि गेटवर दोन घमेली ठेवली आहेत, एकात पाणी आणि ब्रश, दुसऱ्यात औषध. आत जाताना बूट धुवायचे, बाहेर येताना पुन्हा धुवायचे, म्हणजे बुटाच्या खाचेतली माती इकडची तिकडे जात नाही. तोडीचा ठेकेदार झाडांवर खुणा करत होता. मला बूट घासताना बघून म्हणाला, "मॅडम, मसणात जाताना पाय कशाला धुता? येताना धुवा."

आत सगळं राखाडी आहे. साली सुटून लोंबताहेत, भुंगेऱ्यांची भोकं आता सुताराने पाडल्यासारखी मोठी झालीत. भुंगेरेही कधीच निघून गेलेत, त्यांना खायला काही उरलेलं नाही. मी खाली बघत चालले होते, आणि एके ठिकाणी पायाखालचा आवाज बदलला.

पानं होती. काळी पडलेली, ओली, गेल्या मोसमातली अक्रोडाची पानं, जाड थर. मेलेल्या झाडाखाली गेल्या मोसमातली पानं कुठून येणार? मी वर बघितलं. इतरांसारखंच उघडं झाड. फांदीला नख लावलं तर साल हिरवी निघाली. पानांत हात घातला तर फुटलेली कवचं. खारीने मेजवानी केली होती. आक्का, चारी बाजूंनी सगळी झाडं मेली आणि हे मधोमध उभं राहून फळ देत होतं, आणि ते खारीखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

हे खुळ्यासारखं लिहिते आहे, पण थोडं थांब. सगळ्यांत खालच्या फांदीवर तांब्याची तार आहे. तिला अडकवलेली रोपाच्या नावाची चिठ्ठी कधीच गळून गेली, सालही तारेवर निम्मी चढली आहे. पण पीळ दिसतो. पीळ उलटा आहे. जगातले बाकी सगळे तार उजवीकडे पिळतात. तुझ्या डाव्या हाताने पिळलेली तार मी अंधारातही ओळखेन, लहानपणी उलगडताना इतक्या वेळा बोटं कापून घेतली आहेत मी.

तुझं झाड आहे. त्याच वाफ्यातलं, त्याच मातीतलं, त्याच गाडीतून गेलेलं.

मी ठेकेदाराला विचारलं, "हे एक सोडता येईल?"

"कागदावर 'सर्व' लिहिलंय, मॅडम. एक सोडलं तर मग ते 'सर्व' कसं?"

"जिवंत आहे हो हे."

"असेल. कागदावर मेलंय."

संध्याकाळी आमच्या सरांकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "झाड ठेवता येणार नाही. मुळं त्याच मातीत आहेत, ते तगलं तरी रोग सांभाळून ठेवील. तुम्ही वरच्या फांद्यांच्या काड्या घ्या. रोग मातीत आणि मुळांत आहे, शेंड्यात नाही. निरोगी रोपाच्या खुंटावर कलम बांधा, जगवा, मग पुढे तपासू." मग चष्मा काढून म्हणाले, "अक्रोडाचं कलम बांधणारं आहे कोण आपल्याकडे?"

मी म्हटलं, "बघते."

तुझं नाव घेतलं नाही. पण ते माझ्याकडे ज्या प्रकारे बघत राहिले, त्यावरून त्यांनी ते ऐकलं असावं.

चिमटी

८ फेब्रुवारी

आक्का,

माझी बोटं काळी झाली आहेत. अक्रोडाचा रस, दुसरं काय. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. बाजारात भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय हो बाई, केसांना लावताना हातमोजे घालायचे ना." मी म्हटलं, "पुढच्या वेळी घालीन."

कलमं मी बांधली. सगळी गेली.

अक्रोड मी मी म्हणणाऱ्यांना रडवतो असं तू म्हणायचीस, आणि मी तर कधी मी म्हणालेही नव्हते. तिरका काप घेतला की तो बघता बघता काळा पडतो. मी घाई करते, घाईत काप वाकडा जातो, काडी आणि खुंट यांच्यात फट राहते. तुझ्यासारखी भुशाची पेटी केली, कोमट जागी ठेवली, आणि दर दोन दिवसांनी उघडून बघत बसले. काड्यांचे डोळे फुटले. मी आनंदाने खोलीभर नाचले. चार दिवसांनी ते कोंब माना टाकून पडले, कारण खाली जोड धरलाच नव्हता. मग मला तुझं वाक्य आठवलं, शेगडीमागच्या तुझ्या त्या पेटीपाशी ऐकलेलं: "जोड उबेत हवा, डोळा गारव्यात. उलटं केलंस तर डोळा आधी जागा होतो आणि उपाशी मरतो." मी अख्खी काडी उबेत गाडली होती. माझं नेहमीचंच, सगळंच एकदम उबेत घालायचं.

झाडावर अजून काड्या आहेत. थोड्याच.

आणि काल दाजींचा फोन आला. पाव आणायला म्हणून बाहेर पडले होते. तुझ्या घरात पाव जरा जास्तच लागायला लागला आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

"वाचलं," ते म्हणाले.

"काय?"

"या वर्षीचं तिसरं. स्टुलावर उभी राहून, फ्रिजवर ठेवूनच वाचलं. खाली आणलं नाही."

"काही म्हणाली?"

"मला नाही. फ्रिजला म्हणाली, 'मुळं उकरून बघितली का कुणी? का नुसतं नख लावून नाचतायत?'"

आक्का, मला रडू आलं. मी म्हटलं, "दाजी, रिपोर्टचा राग एवढी वर्षं..."

"रिपोर्टचा?" ते म्हणाले. "अगं, रिपोर्ट तर तिने मला मोठ्याने वाचून दाखवला होता. म्हणाली, पोरीने मुद्देसूद लिहिलंय. राग बुटांचा आहे."

"कसल्या बुटांचा?"

मागे दुकानदार सुट्टे पैसे मागत होता.

"तू त्या दिवशी निघालीस ना. गेटाजवळ नळावर बूट धुतलेस. ब्रशने. एक एक बूट उलटा करून, खाचा खाचा घासून. ती खिडकीत उभी होती. तू जेवली नव्हतीस म्हणून तिने डबा भरला होता, तो द्यायला हाक मारणार होती. मग नाही मारली."

डब्याचं मला माहीत नव्हतं.

दाजी म्हणाले, "मला म्हणाली, माझ्या दारातून जाताना माझी माती पायाला नको झाली तिला. त्यानंतर वनखात्याचे लोक आले, तेही जाताना बूट धुवायचे. त्यांचं तिला काही वाटलं नाही."

हे कळल्यापासून मी तुला काय लिहावं याचा विचार करते आहे, आणि मला सुचत नाही. म्हणून तू फ्रिजला विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. हो, मुळं उकरली. आजच उकरली, तुझं ऐकून.

मी घाबरत उकरली. रोग आहे, आक्का. मुळांना लागलेला आहे. जाड मुळावर तोच तपकिरी डाग. पण डाग हातभर वर आला आणि थांबला. मी काठ शोधला. काठावर एक गडद रेघ आहे, पेन्सिलीने ओढावी तशी, आणि रेघेच्या पलीकडे लाकूड पांढरंशुभ्र. रेघेच्या आतली बारीक मुळं त्याने सोडून दिली आणि बाहेरून नवी काढली. मी काठावरचा तुकडा घेऊन बुरशी वाढते का बघायला काचेच्या ताटलीवर लावला आहे. बाकी इतक्या वर्षांत मी इतके काठ पाहिले, सगळे पुढे सरकणारे. थांबलेला काठ हा पहिलाच.

हे झाड वाचलं ते रोग लागला नाही म्हणून नाही. लागूनही ते उभं राहिलं. हे त्याच्या अंगचंच बळ असेल तर त्याच्या काड्यांतून पुढे जाईल. नसेलही. कलम जगलं, त्याच मातीत लावून पाहिलं, तरच कळेल.

चिमटी

१३ फेब्रुवारी

आक्का,

झाडाचे डोळे फुगायला लागले आहेत. काल उतारावर जाऊन बघून आले. तुला सांगायला नको, एकदा रस चढला की अक्रोडाचा काप भळाभळा गळतो आणि कलम धरत नाही. ठेकेदाराची माणसं पुढच्या आठवड्यात खालच्या बाजूने सुरुवात करणार. झाड मध्यावर आहे. येत्या रविवारनंतर करण्यासारखं काही उरणार नाही. केंद्रात निरोगी खुंट तयार आहेत, भाजलेल्या मातीत वाढवलेले. बांधणारा हात तेवढा नाही.

बुटांचं लिहायचं आहे.

मी धुतले. दुसऱ्या दिवशी मला वरच्या रानात जायचं होतं, जिथे रोग पोचला नव्हता. माझ्या बुटाच्या खाचेत चमचाभर माती राहिली असती तर ती पुरेशी होती. ज्या दिवशी मला कळलं की तुझ्या मातीत काय आहे, त्या दिवशी बूट न धुता तुझ्या घरातून निघणं मला शक्य नव्हतं. आजही मी तेच करीन. यात तुझी माफी मागणं खोटं होईल आणि तुला खोटं चटकन कळतं.

पण दाजींनी एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती त्यांना माहीत नाही. मी गेटाजवळचा नळ निवडला तो तुला दिसू नये म्हणून. न्हाणीघर जवळ होतं, ब्रशही तिथलाच उचलला होता. मला वाटलं, जिन्याखालून निघून कोपऱ्यावर धुतले की तुला कळणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेट दिसतं हे मी विसरले. त्या खिडकीत बसून मी अख्खी शाळा शिकले आणि विसरले. तुझ्यासमोर, तुला सांगून, तुझ्याच न्हाणीघरात धुतले असते, तर तू म्हणाली असतीस, "टाचेकडची खाच राहिली बघ." मी चोरासारखे धुतले. म्हणून ते तुला तसे दिसले.

आणखी एक. इतकी वर्षं मी तुला पत्रांमागून पत्रं पाठवत राहिले. तुझं उत्तर आलं नाही की मी आणखी एक पाठवायची. मान टाकलेली दिसली की घाल पाणी. ज्या वाक्याने माझं सगळं काम सुरू झालं ते मला तुझ्या बाबतीत लागू करता आलं नाही. कुंडी उलटी करून बघायचं होतं, नक्की कुठे दुखतंय ते, आणि मी झारी घेऊन उभी. तर यानंतर पत्र नाही. रागाने नव्हे. माती जरा सुकू दे.

आता मागणं.

रविवारी ये. तुझी ती वाकड्या मुठीची सुरी घेऊन ये, कपाटातल्या खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेली असते ती. तू म्हणाली होतीस, पुन्हा हातात धरणार नाही. दाजी दर महिन्याला तिला धार लावतात आणि परत गुंडाळून ठेवतात, हे मी तुला सांगितलं असं त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना मी गाडी काढा म्हटलं तर म्हणाले, "गाडी काढतो, पण तिला मी विचारणार नाही. मला अजून घरात जेवायचंय." म्हणून मी विचारते आहे.

बोलायला नको. तू झाडावरच्या काड्या निवड, केंद्रातल्या टेबलापाशी बस, बांध, आणि जा. मी पूर्वीसारखी खुंट धरून उभी राहीन. "बघू नकोस, धर," म्हणालीस तरी चालेल. काही म्हणाली नाहीस तरीही चालेल. लागली कलमं तर त्यांवर तार तू पीळ, माझी उजवीकडे जाते.

उतारावर गेटपाशी बूट धुवावे लागतील, आत जाताना आणि निघताना. त्यातून कुणाची सुटका नाही, तुझी नाही, माझी नाही, सरांची नाही. ठेकेदारालाही मी आता धुवायला लावते, तो मला शिव्या देतो. पण एक करता येईल. गेटजवळ मी स्टूल ठेवीन आणि घमेल्यात पाणी कोमट करून आणीन, थंडीत तुझ्या टाचा फुटतात. निघताना तू स्टुलावर बस. ब्रश मला दे. आधी तुझे बूट मी धुवीन, उलटे करून, सगळ्या खाचा, तुझ्या डोळ्यांसमोर. मग माझे.

तू कुणाला आपली चप्पलसुद्धा उचलू देत नाहीस. "माझे हात मोडलेत का?" म्हणशील. येणारच नाहीस म्हणा, नाहीच म्हणशील, मला माहीत आहे. तरी विचारते, आक्का. तुझे बूट मला धुऊ देशील?

चिमटी